गोठ्याची आजार-वही : मे ते डिसेंबर २०२४, परंडा तालुका

१२ मे

आजची मोजणी: उस्मानाबादी शेळ्या १९, पाटी (अजून न व्यालेल्या माद्या) ४, बोकड १, करडं ११. संकरित गायी दोन, चांदी आणि मंगळी. कालवड एक.

मागच्या पावसाळ्यात नऊ करडं गेली. कशानं गेली ते आजही सांगता येत नाही. एक जण म्हणाला जंत, दुसरा म्हणाला हवा लागली, आण्णांनी (माझे चुलते) दोन करडांना तापल्या लोखंडाचा डागसुद्धा दिला. मी दुकानात जाऊन "करडं सुस्त आहेत, काहीतरी द्या" म्हणायचो आणि दुकानदार काहीतरी द्यायचा. म्हणून यंदा ठरवलं की दुखणं वहीत लिहिल्याशिवाय औषधाची बाटली उघडायची नाही. हा नियम मी किती वेळा मोडला तेही याच वहीत आहे.

खरेदी: डिजिटल थर्मामीटर दोन (एक पडून फुटणार हे धरूनच), शिंप्याचा टेप, करडं टांगून मोजायचा स्प्रिंगचा काटा, सुई नसलेल्या २० मिलीच्या सिरिंज, रबरी हातमोजे, कानात मारायचे नंबरचे बिल्ले. एकूण ९६० रुपये. बिल्ले मारायला अर्धा दिवस गेला. दोन शेळ्यांनी बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकवून कान फाडून घेतला. बिल्ला कानाच्या मध्यभागी, शिरा चुकवून मारायचा असतो. मी टोकाला मारला होता.

१५ मे

सगळ्यांचा निरोगी असतानाचा ताप लिहून ठेवायचा म्हणून संध्याकाळी चरून आल्या आल्या थर्मामीटर लावला. निम्म्या शेळ्या १०४ च्या वर! घाबरून पशुधन पर्यवेक्षकांना फोन केला. ते हसले. "अहो, मे महिन्यात उन्हातून तीन किलोमीटर चालवत आणलेल्या शेळीला मोजताय. तुम्ही स्वतःला मोजा बरं आत्ता. पहाटे, सोडायच्या आधी मोजा."

१६ मे

पहाटे साडेपाचला पुन्हा मोजला. शेळ्या १०२ ते १०३.४ फॅरनहाइट, गायी १०१ ते १०१.८. म्हणजे घर ठीक आहे. नंबर ११ ची मात्र ९९.६ आली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थर्मामीटर तिरका करून आतल्या भिंतीला टेकवला तेव्हा १०२.६. आधी तो लेंड्यांच्या गोळ्यात खुपसला गेला होता. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा बांधून घ्या, चिमटा शेपटीच्या केसांना लावा. माझा पहिला थर्मामीटर याच दिवशी शेणात पडून मंगळीच्या खुराखाली गेला.

२८ मे

गायींना आणि कालवडीला घटसर्प-फऱ्याची लस झाली. शेळ्यांना आंत्रविषाराची. डॉक्टरांनी सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा ही लस घेणाऱ्या करडांना साधारण तीन आठवड्यांत दुसरा डोस लागतो, त्याशिवाय पहिल्याचा भरवसा नाही. वहीत लिहिलं: "१८ जून, करडं, दुसरा डोस."

१४ जून

पहिला दणकून पाऊस झाल्यावर बांधावर कोवळं गवत आलं. शेळ्या तीन तास त्यावर तुटून पडल्या. संध्याकाळी नंबर ७ ची डावी भकाळी ढोलासारखी. बोटानं वाजवली तर टणटण आवाज. पोट फुगलं हे कुणीही सांगेल, तिथं वही लागत नाही.

चूक पुढं झाली. काचेच्या बाटलीत १०० मिली गोडेतेल घेतलं, तिचं तोंड आभाळाकडे केलं आणि ओतलं. ती मधेच ओरडली, ठसका लागला, नाकातून तेल आलं. मी म्हटलं, गेलं बहुतेक पोटात. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून डावी बाजू चोळत राहिलो, तासाभरात ढेकर आले, पोट उतरलं. मी खूश.

१७ जून

नंबर ७: ताप १०५.२, श्वास मिनिटाला ५२, धाप, एका बाजूनं पिवळट शेंबूड. चारा सोडला. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "काय पाजलं होतं?" तेल फुप्फुसात गेलं होतं. पाच दिवस इंजेक्शनं, १,१५० रुपये. शेळी वाचली, दूध आटलं, तिच्या दोन करडांना महिनाभर बाटलीनं गाईचं दूध पाजत बसलो.

पाजायची रीत, डॉक्टरांनी हात धरून शिकवली तशी: शेळीची मान आडवी, नाकपुड्या डोळ्याच्या रेषेच्या वर जाता कामा नयेत. सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून गालात सरकवायची, ५ मिली सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. ओरडली किंवा खोकली की ताबडतोब मान सोडायची. १०० मिली पाजायला दहा मिनिटं लागतात. बाटलीनं वीस सेकंद लागतात आणि वर पाच दिवस इंजेक्शनांचे.

२२ जून

पावसाळ्याचं जंताचं औषध सगळ्यांना दिलं. वजन अंदाजानं धरलं, सरसकट २५ किलो. ६२० रुपये. (ही ओळ नंतर लाल शाईनं गोल केली आहे.)

९ जुलै

सकाळी एक करडू मेलेलं सापडलं, तीन महिन्यांचा बोकड, सगळ्यांत गुबगुबीत. रात्री उड्या मारत होता. हगवण नाही, ताप मोजायला वेळच मिळाला नाही. आण्णा म्हणाले, "दृष्ट लागली, सगळे त्यालाच बघायचे."

मी डॉक्टरांना बोलावून शवविच्छेदन करायला लावलं. असं मेलेलं जनावर पावसाळ्यात फार लवकर सडतं आणि मग आत बघण्यासारखं काही उरत नाही, म्हणून त्याच सकाळी. मूत्रपिंड लगद्यासारखं मऊ, आतडी लालभडक. आंत्रविषार. हा रोग मरतुकड्याला धरत नाही, खाऊन-पिऊन चांगलं असलेल्याला धरतो. कोवळा चारा किंवा धान्य एकदम वाढलं की आतड्यातले जंतू वाढतात आणि विष तयार करतात. मी गेल्या आठवड्यात बोकडांना मक्याचा भरडा दुप्पट केला होता, बाजारात वजन भरावं म्हणून.

आणि वहीचं १८ जूनचं पान? कोरं. नंबर ७ च्या इंजेक्शनांच्या धावपळीत दुसरा डोस राहूनच गेला. लिहिलं होतं, पण वही कपाटात होती. त्याच दिवशी उरलेल्या दहा करडांना दुसरा डोस दिला, भरडा निम्म्यावर आणला आणि तारखा वहीतून काढून गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिल्या. दारावरची तारीख आईलाही दिसते, आणि आई विसरत नाही.

एक गोष्ट डॉक्टरांनी बजावली, ती इथं लिहितो. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून किंवा मागून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर ते कुणालाही फाडू द्यायचं नाही, कातडीही काढायची नाही. ती काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. आधी दवाखान्याला कळवायचं, ते सांगतील तसं चुना टाकून खोल पुरायचं.

६ ऑगस्ट

नंबर १४ आणि नंबर ३ च्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय. दाबलं की बोटाचा खड्डा राहतो. सकाळी कमी, चरून आल्यावर जास्त. ताप नाही, १०२.८. हगवणही नाही, लेंड्या बांधलेल्या आहेत. आण्णांचं मत, गळ्याला गार लागलं, डाग द्या. मी डोळ्याची खालची पापणी उलटी करून बघितली: १४ ची पांढरीफटक, कागदासारखी. ३ ची फिकट गुलाबी.

डॉक्टर म्हणाले, रक्त पिणारा जंत. पोटातला तारेसारखा बारीक किडा, एकेक किडा थोडंथोडंच रक्त ओढतो, पण हजारांनी असतात. हगवण लागतेच असं नाही, म्हणून लोक फसतात. "पण जंताचं औषध २२ जूनला दिलंय," मी म्हणालो. "लेंड्या तपासायला पाठवा," ते म्हणाले.

८ ऑगस्ट

लेंड्यांचा पहिला नमुना वाया. गोठ्यातून गोळा केल्या, प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या, मोटारसायकलच्या डिक्कीत टाकल्या, वाटेत दोन कामं केली, दुपारी प्रयोगशाळेत. तिथल्या बाईंनी पिशवी उघडून बंद केली. जमिनीवरच्या लेंडीत मातीतले किडे मिसळतात, आणि उन्हात तापलेल्या नमुन्यात अंडी फुटून अळ्या होतात, मग मोजायचं काय? जाऊन येऊन ७० किलोमीटर, पेट्रोल आणि एक मजुरीचा दिवस गेला.

१० ऑगस्ट

दुसरा नमुना. हातमोजा घालून थेट गुदातून, सहा शेळ्यांच्या वेगवेगळ्या छोट्या डब्या, डबी काठोकाठ भरून झाकण घट्ट, वर नंबर, बर्फाच्या थर्मासमध्ये. सकाळी नऊला पोहोचवला. सरासरी ग्रॅमला २,१५० अंडी. म्हणजे जूनच्या औषधाचं काय झालं?

११ ऑगस्ट

आज पहिल्यांदा नीट वजनं काढली. मोठ्या शेळीला काटा पुरत नाही म्हणून टेपनं: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात, भागिले ६६०. उत्तर किलोत. नंबर ३ चा घेर २९, लांबी २८: २९ × २९ × २८ ÷ ६६० = ३५.७ किलो. मी जूनमध्ये तिला २५ धरली होती. म्हणजे औषध जवळजवळ तीस टक्के कमी. त्यात शेळीच्या पोटातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, तिला मात्रा जास्त लागते, आणि बाटलीवर मेंढीची मात्रा छापलेली. कमी मात्रेत अशक्त किडे मरतात, चिवट राहतात आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच होते.

डॉक्टरांना विचारून तेच औषध प्रत्येकीच्या वजनाप्रमाणे पुन्हा दिलं. ६४० रुपये. दोन शेळ्या नुकत्या गाभण होत्या, त्यांना वगळलं. हे औषध गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात चालत नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि जूनमध्ये कोण गाभण होतं ते मी बघितलंच नव्हतं.

१३ ऑगस्ट

नंबर १४ गेली. एवढं कमी रक्त उरल्यावर औषधानं किडे मेले काय आणि न मेले काय. ११,००० ची शेळी. तिची पापणी मी जुलैत एकदाही उलटवली नाही.

२५ ऑगस्ट

औषधानंतर चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांचा पुन्हा नमुना, १४ सोडून. ग्रॅमला १,५०० अंडी. जेमतेम तीस टक्के घट. औषध चालत असेल तर पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास अंडी कमी व्हायला हवीत. मात्रा बरोबर होती, म्हणजे माझ्या गोठ्यातल्या किड्यांवर हे औषध आता चालत नाही. पाच वर्षं दर तीन महिन्यांनी तेच, तेही कमी मात्रेत, सगळ्यांना दिल्याचं फळ.

डॉक्टरांनी दुसऱ्या गटातलं, फक्त रक्त पिणाऱ्या किड्यांवर चालणारं औषध दिलं. बजावून सांगितलं की यात मात्रा जास्त झाली तर शेळी आंधळी होऊ शकते, म्हणून अंदाजानं नाही. आणि सगळ्यांना नाही, फक्त फिकट पापणीवाल्यांना. पापणीच्या पाच रंगांचं कार्ड मिळतं, लालभडक १ आणि पांढरी ५. तीन आणि पुढच्यांना द्यायचं. २३ पैकी ९ निघाल्या. ९०० रुपये.

आण्णांना हे पटलं नाही. "औषध द्यायचं तर सगळ्यांना द्या, ह्या नऊनीच काय पुण्य केलं?" बाकीच्यांच्या पोटात औषध न लागलेले किडे राहू द्यायचे, म्हणजे चिवट किड्यांचंच राज्य होत नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागला आणि मला वाटतं त्यांनी कंटाळून हो म्हटलं.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. चांदी आज दुधाला ११ वरून ६ लिटरवर. ताप १०५.८. मागचा डावा पाय थोडा ओढतेय. गावात दोन बैलांना तिवा झालाय, पावसाळ्यात डासा-चिलटांनी होतो, ताप येतो, पाय धरतो, तीन दिवसांत आपोआप उतरतो. मी लिहिलं: "तिवा. तीन दिवस थांबू." सणाच्या घाईत पुढं काही बघितलंच नाही.

३ सप्टेंबर

ताप १०६.२. दूध ३ लिटर. पाय आता सरळ टाकतेय, पण ताप चढतोच आहे. तिवा असता तर बरी व्हायला लागली असती. आईनं मान खाजवताना सांगितलं, "हिच्या खांद्यापुढं गाठ आहे बघ." लिंबाएवढी गाठ, दोन्हीकडं. पापणी फिकट. कानाच्या मागं, कासेच्या वर, शेपटीखाली गोचीड. हे सगळं १ तारखेलाही असणार.

१९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या फोन नंबरवर नोंद केली, दुपारी गाडी आली. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर पसरून नेलं. संध्याकाळी फोन: गोचीड ताप, थायलेरिया. बुपारव्हॅक्वोनचं इंजेक्शन वजनाप्रमाणे खोल मांसात, दोन जागी विभागून. ३८० किलोच्या गायीला १९ मिली, म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली. तीन दिवसांनी दुसरी. सलाईन, रक्तवाढीचं औषध धरून ४,३०० रुपये.

तिवा आणि गोचीड ताप यांत मी काय बघायला हवं होतं: गाठ, पापणी, गोचीड. एका मिनिटाचं काम. पायावरून आजार ठरवला आणि गावात जे चाललं होतं तेच आपल्याकडं धरलं.

८ सप्टेंबर

दोन बातम्या. शेळ्यांच्या लेंड्यांचा अहवाल: ग्रॅमला १००. नंबर ३ ची पिशवी गेली. आणि चांदी १०१.६ वर, वैरण मागतेय. दूध ५ लिटर.

१२ सप्टेंबर

गोचीड. मागच्या वर्षीही फवारणी केली होती, जनावरांच्या अंगावर, आणि पंधरा दिवसांत परत तेवढेच. आज कळलं का. मादी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत जाऊन हजारोंनी अंडी घालते. जनावरावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीत. आमच्या गोठ्याची मागची भिंत दगड-मातीची, तिला भेगाच भेगा.

दोन दिवस भेगा खरवडल्या, मातीत सिमेंट कालवून बुजवल्या, वरून चुना. भिंत, गव्हाणीची खालची बाजू, दावणीचे खुंटे, सगळीकडं फवारणी. जनावरांना बाहेर झाडाखाली बांधलं आणि अंगावरची फवारणी वेगळी, त्यासाठीचं प्रमाण वेगळं. दोन्हींची पाण्यातली मात्रा एकच समजून आण्णा कालवडीला भिंतीचंच पाणी मारायला निघाले होते, वेळेवर हात धरला. कालवडीनं लगेच अंग चाटू नये म्हणून आधी पोटभर पाणी पाजलं.

दारावर लिहिलं: २७ सप्टेंबर, पुन्हा फवारणी, कारण आजच्या फवाऱ्यात अंडी मरत नाहीत. आईनं मधल्या काळात चार गावरान कोंबड्या गोठ्यात सोडल्या. भिंतीच्या कडेनं त्या दिवसभर काही ना काही टिपत असतात. फवारणीच्या दिवशी आणि नंतरचे दोन-तीन दिवस कोंडून ठेवायच्या, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

५ ऑक्टोबर

बाजारातून एक गाभण शेळी आणली, ९,५०० ला. अंगानं भरलेली. दर माहीत होता, वय बघितलं, कास बघितली, तोंड नीट बघितलं नाही. अंधार पडला होता, वेगळं बांधायला जागा नव्हती, म्हणून कळपातच सोडली. फक्त आजची रात्र म्हणून.

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज नव्या शेळीच्या ओठांच्या कोपऱ्यात खपल्या. चार करडांच्या ओठावर आणि नाकाजवळ फोड. शेजारी म्हणाले, पीपीआर (शेळ्यांची जीवघेणी साथ) आली, आता कळप गेला. रात्रभर झोप नाही. मोठ्या शेळ्यांना २०२२ ला पीपीआरची लस झालीय, ती तीन वर्षं तरी टिकते, पण करडांना आणि नवीला नाही.

सकाळी आधी थर्मामीटर. चारही करडं १०२.६ ते १०३. डोळे स्वच्छ, शेंबूड नाही, हगवण नाही, तोंड उघडून जीभ-हिरड्या बघितल्या, आत काही नाही. पीपीआरमध्ये ताप १०५-१०६ जातो, डोळ्या-नाकातून घट्ट पू, तोंडाच्या आत घाणेरड्या वासाचे चट्टे, मग पाण्यासारखी हगवण. यातलं एकही नाही. आण्णांनी लांबूनच बघितलं: "हा मावा आहे रे. आमच्या लहानपणी दर दिवाळीला यायचा." डॉक्टरांनी येऊन तेच सांगितलं. वर्षभरात आण्णांचा हा एक निदानाचा गुण, प्रामाणिकपणे नोंदवतो.

१५ ऑक्टोबर

माव्याला औषध नाही, तो विषाणू आहे, तीन-चार आठवड्यांत आपला आपण जातो. पण ओठ दुखतात म्हणून करडं पीत नाहीत, आणि आजारी करडू प्यायला लागलं की आईच्या सडांवर फोड येतात, मग ती पाजत नाही. करडू मरतं ते उपाशी राहून. म्हणून काम असं: पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं ओठ पुसायचे, बोरिक पावडर-ग्लिसरीन लावायचं, खपल्या ओढून काढायच्या नाहीत, काटेरी पाला बंद, मऊ लसूणघास आणि भिजवलेला भरडा. जी पीत नाहीत त्यांना बाटली. औषधं ३०० रुपये.

मी पहिले दोन दिवस हातमोजे घातले नाहीत.

२१ ऑक्टोबर

माझ्या उजव्या अंगठ्यावर लाल गाठ, मधे पांढरी, ठसठसते. मावा माणसालाही होतो, हे मला गाठ आल्यावर कळलं. गावच्या डॉक्टरांनी झाकून ठेवायला सांगितलं, दूध आईनं काढलं. पाच आठवडे लागले.

विलगीकरणासाठी जुनं न्हाणीघर साफ केलं. वेगळं पाण्याचं भांडं, वेगळी गव्हाण, कामाला शेवटी तिथं जायचं, तिथून परत कळपात नाही. नवीन जनावर २१ दिवस आत. खर्च शून्य. एवढंच ५ ऑक्टोबरला करायचं होतं.

२ नोव्हेंबर

दिवाळीच्या बाजारासाठी दोन बोकड ठरले होते. ओठावर खपल्या बघून गिऱ्हाईक परत गेलं, आणि खरं सांगायचं तर मीही देऊ नयेत. वीस दिवसांनी विकले, प्रत्येकी १,५०० कमी मिळाले.

१९ नोव्हेंबर

मंगळी व्यायली ती १ तारखेला. आज मागच्या उजव्या सडातून दुधाबरोबर बारीक गुठळ्या. त्या सडाची कास गरम, बाकी गाय ठीक, ताप १०२. आजीच्या भाषेत दगडी, डॉक्टरांच्या भाषेत कासदाह.

बाकीच्या तीन सडांत लपलेला आहे का ते घरीच बघितलं: अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्यांची साबण पावडर. चार वाट्यांत चार सडांचं दूध, तेवढंच साबणपाणी, गोल फिरवायचं. निरोगी दूध पातळच राहतं. मागच्या उजव्याचं शेंबडासारखं झालं, आणि पुढच्या डाव्याचंही थोडं दाटलं, ज्यात डोळ्याला काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी सडात सोडायच्या ट्यूब आणि इंजेक्शन दिलं.

२६ नोव्हेंबर

पुन्हा गुठळ्या. कारण मी. दोन दिवसांत दूध साफ दिसलं म्हणून ट्यूब थांबवल्या, दोन वाचवल्या. डॉक्टरांनी यावेळी आधी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन तपासायला पाठवला, कोणतं औषध लागू पडतं ते बघितलं, मग पूर्ण पाच दिवस. सगळं मिळून १,९००. औषधाच्या दिवसांत आणि नंतर ७२ तास दूध डेअरीला घातलं नाही, चारही सडांचं. मोजून ८४ लिटर ओतलं, २८ च्या दरानं २,३५२. (आधीच्या दोन दिवसांचं दूध मी घातलं होतं. हेही लिहिलं पाहिजे म्हणून लिहितोय.)

दोन सवयी बदलल्या. धार काढल्यावर सड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. आणि वैरण धारेच्या आधी नाही, नंतर टाकायची, म्हणजे गाय खात अर्धा तास उभी राहते. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, ती लगेच शेणात बसली की सगळं आत.

२९ डिसेंबर

हिशोब. साधनं ९६०. नंबर ७ चं तेल १,१५०. आंत्रविषाराचं करडू, बाजारभावानं ४,०००. नंबर १४, ११,०००. जंताची औषधं तीन वेळा मिळून २,१६०. चांदीचे उपचार ४,३००, आणि ती ८ लिटरच्या वर परत गेली नाही, शंभर दिवस तीन लिटर म्हणजे ८,४००. माव्याची औषधं ३००, बोकडांत तोटा ३,०००. मंगळी १,९०० आणि २,३५२. एकूण ३९,५२२.

मागच्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, ते सांगता येत नाही. मागच्या वर्षी वही नव्हती. करडं नऊ गेली होती, यंदा एक.

चुकांच्या ओळींभोवतीचे लाल गोल किती आहेत ते आईनं मोजले: अकरा.

३१ डिसेंबर

नंबर ७ पहाटे व्याली. दोन पाटी, २.१ आणि १.९ किलो. वार साडेतीन तासांत पडली. चीक अर्ध्या तासात दोघींना पाजला, धाकटीला सिरिंजनं, मान आडवी धरून. नाळेला आयोडिन. शेळीचा ताप मोजायला गेलो तर थर्मामीटरचा सेल संपलेला. परंड्याहून सेल आणणे. दारावर लिहिलं.